सहा दिवस की कोट्यवधी वर्षं? – दहावीच्या वर्गातला एक प्रश्न आणि सिल्लेवाड्याचा दगड



दहावीच्या विज्ञान भाग २ मधला पहिलाच पाठ म्हणजे 'आनुवंशिकता व उत्क्रांती'. जून-जुलैमध्ये आपण सगळेच तो शिकवतो. आज या पाठाबद्दल लिहितेय, पण त्यातल्या आकृत्या किंवा स्वाध्यायाबद्दल नाही. या पाठात येणाऱ्या एका प्रश्नाबद्दल लिहितेय. तो प्रश्न माझ्या वर्गात आला तेव्हा मी चुकले होते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पृथ्वीचं वय फळ्यावर लिहिलं, सुमारे ४५४ कोटी वर्षं. मागच्या बाकावरून एका मुलीने हात वर केला. "मॅडम, बायबलमध्ये तर देवाने सहा दिवसांत जग केलं लिहिलंय. मंग आमच्या चर्चमध्ये सांगतात ते खोटं आहे का?" माझ्या डोक्यात पोर्शन होता, घड्याळ होतं. मी हसून म्हटलं, "अगं, देवाला ओव्हरटाइम नसेल मिळत!" वर्ग खो-खो हसला. ती खाली बसली. त्यानंतर दोन-तीन महिने त्या मुलीने माझ्या तासाला हात वर केला नाही.

पालकसभेला तिचे बाबा आले. जवळच्याच एका कोळसा खाणीत कामाला. रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, तिला विज्ञानच शिकवा, आम्हाला पण तेच पाहिजे. पण तिच्यावर हसू नका." घरी आल्यावर मला जाणवलं, मला त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर येतच नव्हतं, म्हणून मी विनोद केला होता. मग वाचायला घेतलं. वाचता वाचता कळलं की हा प्रश्न विचारणारी ती पहिली नाही. खुद्द ख्रिस्ती लोक गेली सतराशे-अठराशे वर्षं यावर आपसात वाद घालत आहेत. आणि त्या वादाची एक वाट आपल्या खापरखेड्याच्या शेजारून गेलेली आहे.

मूळ मजकूर काय सांगतो?

बायबलच्या पहिल्या पुस्तकाचं मराठी नाव 'उत्पत्ति'. त्याच्या पहिल्या अध्यायात सहा दिवसांचा क्रम आहे. पहिल्या दिवशी प्रकाश, दुसऱ्या दिवशी वरच्या आणि खालच्या पाण्यामधलं अंतराळ, तिसऱ्या दिवशी जमीन आणि वनस्पती, चौथ्या दिवशी सूर्य-चंद्र-तारे, पाचव्या दिवशी मासे आणि पक्षी, सहाव्या दिवशी जमिनीवरचे प्राणी आणि माणूस. सातवा दिवस विसाव्याचा.

आता नीट बघा. दिवस-रात्र सूर्यामुळे होतात हे पाचवीतलं मूलही सांगेल. मग सूर्य चौथ्या दिवशी आला, तर पहिले तीन दिवस कसे मोजले? दुसरी गोष्ट, दुसऱ्या अध्यायात हीच कथा वेगळ्या क्रमाने येते. तिथे आधी माणूस, मग बाग, मग प्राणी आणि शेवटी स्त्री.

या अडचणी विरोधकांनी शोधून काढलेल्या नाहीत. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेन या ख्रिस्ती विद्वानाने सूर्याशिवायच्या दिवसांचा प्रश्न उघडपणे मांडला होता. चौथ्या शतकातले बेसिल मात्र म्हणत, शब्द जसे आहेत तसेच घ्या, दिवस म्हणजे दिवस. त्यानंतरच्या पिढीत ऑगस्टीन (इ.स. ३५४ ते ४३०) यांनी या पुस्तकावर पुन्हा पुन्हा लिहिलं. त्यांचं मत असं की देवाने सगळं एकाच वेळी निर्माण केलं, आणि हे 'दिवस' आपल्या घड्याळातले दिवस नव्हेत. त्यांनी श्रद्धावंतांना आणखी एक इशारा दिला. आकाश, तारे, प्राणी यांच्याबद्दल जाणकारांना जे नक्की माहीत आहे, त्याच्या विरुद्ध काहीतरी धर्मग्रंथाच्या नावाने ठोकून देऊ नका. त्यात हसं तुमचं होतं आणि ग्रंथाचंही.

म्हणजे डार्विनच्या चौदाशे वर्षं आधीच ही चर्चा रंगलेली होती. त्या मुलीला मी हे सांगू शकले असते!

एक शब्द: 'दिवस'

वादाची अर्धी मेख एका शब्दात आहे. मूळ हिब्रू शब्द 'योम'. त्याचा नेहमीचा अर्थ दिवस. पण कधी कधी 'काळ' या अर्थानेही तो येतो. उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात तोच शब्द संपूर्ण निर्मितीच्या काळासाठी वापरला आहे.

हे मुलांना समजावणं मराठीत फार सोपं आहे. फळ्यावर चार वाक्यं लिहा.

१. परीक्षेला सात दिवस उरले.
२. आमच्या दिवसांत मोबाइल नव्हते.
३. तिला दिवस गेले आहेत.
४. त्यांचे दिवस फिरले.

पहिल्या वाक्यातला दिवस चोवीस तासांचा. दुसऱ्यातला म्हणजे जमाना. तिसऱ्यात गर्भारपण, चौथ्यात नशीब. शब्द एकच. अर्थ कोणता, ते आजूबाजूचं वाक्य ठरवतं. आता मुलांना विचारा, जुन्या ग्रंथात हा शब्द आला तर अर्थ कसा ठरवायचा?

पण इथे थांबू नका, नाहीतर एकच बाजू सांगितल्यासारखं होईल. चोवीस तासांचा अर्थ धरणाऱ्यांकडेही मुद्दे आहेत. प्रत्येक दिवसाच्या शेवटी संध्याकाळ आणि सकाळ यांचा उल्लेख आहे. दिवसांना क्रमांक दिलेले आहेत. शिवाय दहा आज्ञांमध्ये आठवड्यातून एक दिवस विसावा घ्यायला सांगितलाय, तोही याच सहा दिवसांचा दाखला देऊन. 'आमच्या दिवसांत' म्हणताना आपण पहिला, दुसरा, तिसरा असं मोजत नाही, हा त्यांचा युक्तिवाद आहे. मुलांना दोन्ही बाजू ऐकू द्या.

४००४ चा आकडा कुठून आला?

जग सहा हजार वर्षांचं आहे असं बायबलमध्ये कुठेही थेट लिहिलेलं नाही. आयर्लंडचे आर्चबिशप जेम्स अशर यांनी १६५० साली हा हिशोब प्रसिद्ध केला. बायबलमधल्या वंशावळी, राजांच्या कारकिर्दी आणि इतर जुन्या नोंदी यांची बेरीज करून त्यांनी निर्मितीचं वर्ष काढलं, इ.स.पूर्व ४००४. पुढे इंग्रजी बायबलच्या समासात ही सालं छापली जाऊ लागली. समासातलं आणि मजकुरातलं यांतला फरक वाचणाऱ्यांच्या लक्षात राहिला नाही.

अशर यांना मूर्ख ठरवण्याची घाई नको. केपलर आणि न्यूटन यांनीही अशी गणितं मांडली होती. त्या काळी जगाचं वय काढायला लेखी पुराव्याशिवाय दुसरं साधनच नव्हतं. दगड वाचायची विद्या अजून यायची होती.

दगड वाचणारे पाद्री

ती विद्या आली स्कॉटलंडमधून. एडिंबरोच्या जेम्स हटन यांनी १७८८ मध्ये त्यांचा सिद्धांत प्रसिद्ध केला. खडक झिजतात, गाळ साचतो, त्याचे पुन्हा खडक होतात, आणि या चक्राला अफाट काळ लागतो. त्याच वर्षी बर्विकशायरच्या समुद्रकिनाऱ्यावर, सिकार पॉइंटला, उभ्या थरांवर आडवे थर बसलेले त्यांनी आपल्या मित्रांना दाखवले. खालचे थर साचले, उभे झाले, झिजले, आणि मग त्यांच्यावर वरचे साचले. सहा हजार वर्षांत हे बसत नव्हतं.

यावर ख्रिस्ती लोकांनी काय केलं? काहींनी भूशास्त्रच नाकारलं. पण पुष्कळांनी ग्रंथ पुन्हा उघडून वाचला. थॉमस चामर्स हे स्कॉटिश धर्मोपदेशक. १८१४ मध्ये त्यांनी मांडलं की उत्पत्तीच्या पहिल्या आणि दुसऱ्या वचनांच्या मध्ये न सांगितलेला प्रचंड काळ गेला असेल. भूशास्त्राला हवी तितकी वर्षं त्या फटीत घ्या, सहा दिवस त्यानंतरचे. १८४३ मध्ये 'फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड' वेगळं झालं, तेव्हा हेच चामर्स त्याचे पहिले अध्यक्ष होते.

त्याच चर्चचे ह्यू मिलर. मूळचे पाथरवट, दगड फोडता फोडता जीवाश्म शोधायला शिकलेले, पुढे संपादक झाले. सुरुवातीला त्यांना चामर्सची 'फट' पटायची. पण थर पाहत गेल्यावर त्यांना दिसलं की जुने जीव एकदम संपून नवे एकदम सुरू झाले असं काही नाही. मधे फट नाहीच! मग त्यांनी मत बदललं. एकेक 'दिवस' म्हणजे एकेक दीर्घ युग, असं ते मांडू लागले. त्यांचं हे पुस्तक १८५७ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर आलं. पुराव्यापुढे स्वतःचं मत बदलणारा हा श्रद्धाळू पाथरवट मला वर्गात सांगायला फार आवडतो. आपल्या वर्गात खाणकामगारांची मुलं आहेत. दगडाशी काम करणारा माणूस विद्वानांच्या वादात पडू शकतो, हे त्यांना कळायला हवं.

आता आपल्या गावाकडे या

बर्विकशायरमधल्याच डन्स गावी १८१७ साली स्टीफन हिस्लॉप जन्मले. होय, हिस्लॉप कॉलेजमधले हिस्लॉप. फ्री चर्चचे मिशनरी म्हणून ते १८४५ मध्ये नागपूरला आले आणि इथे शाळा काढली. त्यांच्या नावाचं कॉलेज १८८३ मध्ये सुरू झालं.

हा माणूस रविवारी प्रवचन देई आणि सवड मिळाली की हातोडा घेऊन हिंडे. त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर आणि ते मिळून नागपूरच्या टाकळी भागात गेले. तिथे लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळात त्यांना गोड्या पाण्यातल्या गोगलगाईंचे शंख आणि वनस्पतींचे जीवाश्म मिळाले. एक लाव्हा वाहिला, थंड झाला, त्यावर तळं झालं, तळ्यात जीव जगले, मेले, गाळात गाडले गेले आणि मग पुन्हा लाव्हा वाहिला. ही सगळी गोष्ट एका टेकडीच्या कापात! नागपूरच्या दक्षिणेकडच्या मांगलीहून त्यांनी एका प्राचीन उभयचराची कवटी मिळवली. तिचं वर्णन प्रसिद्ध शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये केलं. त्याच वर्षी हिस्लॉप-हंटर यांचा नागपूर परिसराच्या भूशास्त्रावरचा निबंध लंडनच्या भूशास्त्र संस्थेच्या नियतकालिकात छापून आला. एका खनिजाला 'हिस्लोपाइट' असं नावही मिळालं.

आणि आता ऐका. त्यांनी वनस्पतींचे ठसे गोळा केले त्या ठिकाणांमध्ये कामठी आहे, बोखारा आहे आणि आपलं सिल्लेवाडाही आहे. तिथल्या वालुकाश्मात 'ग्लॉसॉप्टेरिस' नावाच्या, जिभेच्या आकाराच्या पानांचे ठसे मिळतात. या खडकांना आज जगभर 'कामठी' खडक म्हणूनच ओळखतात. त्यांचं वय २५ कोटी वर्षांहून जास्त. कोळशाचे थर त्यांच्याही खाली, म्हणजे त्याहून जुने. खापरखेड्याच्या वीज केंद्रात जळतो तो कोळसा अशाच प्राचीन जंगलांचा आहे.

एक गंमत. हिस्लॉप या पानांच्या खडकांना ज्युरासिक काळाचे समजत. पुढच्या अभ्यासात ते बरेच जुने निघाले. म्हणजे ग्रंथाचा अर्थ लावताना माणसं चुकतात तशी दगडाचा अर्थ लावतानाही चुकतात. फरक हा की दगडाबाबतची चूक नवा पुरावा आला की कोणालाही दाखवता येते. विज्ञान म्हणजे काय, हे सांगायला याहून चांगलं उदाहरण मला आपल्या तालुक्यात सापडलेलं नाही.

डार्विननंतर

१८५९ मध्ये डार्विनचं पुस्तक आलं आणि वाद दिवसांच्या लांबीवरून माणसाच्या उगमावर गेला. तिथेही ख्रिस्ती लोक एका रांगेत उभे राहिले नाहीत. अमेरिकेतले वनस्पतीशास्त्रज्ञ एसा ग्रे स्वतः श्रद्धाळू ख्रिस्ती होते आणि डार्विनचे मोठे समर्थकही. १९२५ मध्ये अमेरिकेत टेनेसी राज्यात जॉन स्कोप्स या शिक्षकावर उत्क्रांती शिकवल्याबद्दल खटला झाला, १०० डॉलर दंड झाला. पण त्याच खटल्यात विरोधी बाजूचे पुढारी ब्रायन यांनी साक्षीत कबूल केलं की निर्मितीचे दिवस चोवीस तासांचेच असले पाहिजेत असं त्यांना वाटत नाही.

पृथ्वी काही हजार वर्षांचीच आहे आणि बहुतेक थर नोहाच्या जलप्रलयात साचले, हे मत आज बरंच ऐकू येतं. त्याला मोठी चालना मिळाली ती १९६१ मध्ये अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकामुळे. दुसरीकडे कॅथलिक चर्चमध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ मध्ये उत्क्रांती ही केवळ एक कल्पना राहिलेली नाही, असं मान्य केलं. विश्वाच्या महास्फोटाच्या सिद्धांताचा पाया घालणारे जॉर्ज लमेत्र हे तर स्वतः कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांना आपला सिद्धांत बायबलचा पुरावा म्हणून वापरलेला आवडत नसे.

आणखी एक वाचन आहे, ते मी फळ्यावर काढून दाखवते. दिवस दोन ओळींत मांडायचे. पहिल्या दिवशी प्रकाश, त्याखाली चौथ्या दिवशीचे सूर्य-चंद्र. दुसऱ्या दिवशी आकाश आणि पाणी, त्याखाली पाचव्या दिवशीचे पक्षी आणि मासे. तिसऱ्या दिवशी जमीन, त्याखाली सहाव्या दिवशीचे प्राणी आणि माणूस. वर घरं, खाली राहणारे. हे वाचन मानणारे म्हणतात, हा कालक्रम नाहीच, ही रचना आहे, जशी ओवीला असते. आपल्याकडे फादर स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये छापलेल्या 'ख्रिस्तपुराणा'त ही निर्मितीची कथा मराठी ओव्यांतच सांगितली आहे.

वर्गात मी आता काय करते?

पहिलं, प्रश्नाला हसत नाही आणि हसू देत नाही. "हा प्रश्न फार जुना आहे आणि मोठमोठ्या माणसांना पडलेला आहे," या वाक्याने सुरुवात करते.

दुसरं, विज्ञानाचं उत्तर पातळ करत नाही. पृथ्वीचं वय ४५४ कोटी वर्षं, जीवसृष्टी उत्क्रांत झाली, हे पुराव्यासह शिकवते. परीक्षेतही तेच लिहायचं. इथे आपलीच एक नेहमीची चूक सांगते. पाठात कार्बन वयमापन आहे म्हणून आपण कोळशाचं वयही कार्बननेच काढतात असं सांगून मोकळे होतो. ते चूक आहे. कार्बन-१४ चा अर्धायुष्यकाल सुमारे ५,७३० वर्षं, त्यामुळे साधारण ५० हजार वर्षांपलीकडे ती पद्धत चालत नाही. कोट्यवधी वर्षांसाठी युरेनियम-शिशासारख्या पद्धती लागतात. युरेनियम-२३८ चा अर्धायुष्यकाल सुमारे ४४७ कोटी वर्षं आहे. आपण चुकीचं सांगितलं, तर उद्या कोणीतरी मुलांना ती चूक दाखवून सगळं विज्ञानच खोटं ठरवेल.

तिसरं, धर्माचा न्यायनिवाडा करत नाही. 'कसं आणि केव्हा' हे विज्ञान सांगेल, 'कशासाठी' याचं उत्तर प्रत्येक जण घरी, चर्चमध्ये, विहारात, मंदिरात शोधेल, असं पुष्कळ ख्रिस्ती विद्वान म्हणतात. सगळ्यांना ही वाटणी मान्य नाही, हेही मी प्रामाणिकपणे सांगते. संविधानाच्या ५१-क कलमात वैज्ञानिक दृष्टिकोन वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य सांगितलंय. विवेकस्वातंत्र्यही त्याच संविधानाने दिलंय. मुलाला या दोन्हींतून एक निवडायला लावणं हे आपलं काम नाही.

चौथं, एकाच धर्माच्या मुलांना उभं करत नाही. उगमाची कथा प्रत्येकाच्या घरी असते. ऋग्वेदातलं नासदीय सूक्त शेवटी प्रश्नावरच थांबतं. भगवान बुद्धांनी जग शाश्वत की अशाश्वत, या प्रश्नाचं उत्तर देणं टाळलं. आणि आपल्या भागातल्या गोंड समाजाची लिंगोची कथा आहे. ती लिहून ठेवणाऱ्यांत कोण होते माहितीये? तेच हिस्लॉप! ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून घोड्यावरून परतताना पूर आलेल्या पाण्यात बुडून ते गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या कागदांत ही कथा होती. रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये ते कागद छापले.

पालकांना दोन शब्द

मूल घरी येऊन म्हणालं, "शाळेत वेगळंच सांगितलं," तर घाबरू नका. शाळेला किंवा मुलाला गप्प करू नका. "तुझ्या मॅडमनी काय पुरावा सांगितला? आपल्या ग्रंथात नेमके शब्द काय आहेत? त्याचा अर्थ कोण कसा लावतं?" असे तीन प्रश्न विचारा. ज्या घरात हे प्रश्न विचारता येतात, त्या घरातल्या मुलाला विज्ञानाचीही भीती वाटत नाही आणि श्रद्धेचीही लाज वाटत नाही.

त्या मुलीचं राहिलंच. दिवाळीनंतर मी तो पाठ अर्ध्या तासात पुन्हा घेतला. आधी सगळ्या वर्गासमोर तिची माफी मागितली, मग 'दिवस' शब्दाची चार वाक्यं लिहिली. दुसऱ्या आठवड्यात तिने वर्तमानपत्रात गुंडाळलेला दगडाचा एक चपटा तुकडा आणला. बाबांनी दिला होता. त्यावर पानाचा काळा ठसा, मधली शीर अगदी स्पष्ट. वर्गभर तो फिरला. ती स्वतः उभी राहून सांगत होती, "हे पान पंचवीस कोटी वर्षांपेक्षा जुनं आहे."

मग थोडं थांबून तिने विचारलं, "मॅडम, पण हे कोणाच्या दिवसातलं म्हणायचं?"

या वेळी कोणी हसलं नाही. पुढची वीस मिनिटं वर्ग त्यावरच बोलत होता, आणि माझा पोर्शन पुन्हा मागे पडला. चालतंय! तुमच्या वर्गात असा प्रश्न आला तर तुम्ही काय करता, मलाही नक्की सांगा.